पंधरा दिवसांची विद्या

नोकरी गेली तर दोष कामगाराचाच, असे नवे शहाणपण सध्या सांगितले जाते. त्याने म्हणे नवी कौशल्ये शिकावीत आणि आपले भवितव्य आपणच घडवावे! १९८२ च्या संपानंतर देशोधडीला लागलेल्या मुंबईच्या गिरणी कामगारांच्या हाती कसब नव्हते काय? कसब होते, गिरण्या उरल्या नाहीत.

कायद्याची वाटचालही बोलकी आहे. ३०० वा अधिक कामगारांच्या कारखान्यात कपातीपूर्वी सरकारी परवानगी घेण्याचे बंधन १९७६ मध्ये आले. १९८२ च्या दुरुस्तीने ही मर्यादा १०० वर आणली. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेने ती पुन्हा ३०० केली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून संहिता अमलात आली. नुकसानभरपाईखेरीज नवे कौशल्य शिकण्यासाठी कपातग्रस्ताला मिळणार १५ दिवसांचे वेतन! पंधरा दिवसांत कोणती विद्या हस्तगत होते?

निर्णय मालकाने घ्यावा आणि परिणाम कामगाराने एकट्याने निस्तरावेत, हा न्याय नव्हे. कंत्राटी व मुदतीच्या कामगारांना संघटनेत आणणे, हेच कार्यकर्त्यांचे आजचे कर्तव्य आहे. नोकरीची शाश्वती एकेकट्याच्या अर्जाने नव्हे, संघटित लढ्यानेच मिळते.