मेजाखालची बाटली

प्रवासाला निघताना घरचा द्राक्षारस बरोबर घ्यावा आणि वाटेतल्या उपाहारगृहात खुशाल उघडावा, ही रीत आपल्या समाजात इतकी रुळली आहे की तिला हरकत घेणारा माणूसच विक्षिप्त ठरतो. तो दोष पत्करून मी हे लिहीत आहे.

द्राक्षारसाविरुद्ध माझी काहीच तक्रार नाही. मी रोज ज्या वेदीपाशी उभा राहतो, त्या वेदीवर द्राक्षारस आहे. काना गावच्या लग्नात प्रभूने सहा दगडी रांजणांतील पाण्याचा उत्तम द्राक्षारस केला. संत पौलाने तीमथ्याला पोटाच्या दुखण्यासाठी थोडा द्राक्षारस घेण्यास सांगितले. नाताळासाठी बरणीत द्राक्षे मुरत घालणाऱ्या वसईच्या आजीबाईंना पापिणी ठरवण्याचे माझ्या मनातही येत नाही. मला आक्षेप घ्यायचा आहे तो मेजाखाली लपवलेल्या बाटलीला आणि तिच्यामागच्या वृत्तीला.

‘फादर, परदेशात हे सर्रास चालते,’ असे जग फिरून आलेली मंडळी सांगतात. चालते, हे खरे आहे. मेलबर्नमध्ये १९६०च्या दशकापासून ही प्रथा आहे. फिलाडेल्फियात मद्याचा परवाना दुर्मिळ आणि महाग असल्याने कित्येक लहान उपाहारगृहे ग्राहकांना आपली बाटली आणू देतात. पण तेथे मालकाने तशी मुभा उघडपणे दिलेली असते. ग्राहक आधी विचारतो आणि पुष्कळ ठिकाणी बूच उघडण्याचे, पेल्यांचे शुल्क बिलात निमूटपणे भरतो. बव्हेरियातील बिअरच्या बागांत तर उलटा प्रकार आहे. १८१२च्या राजाज्ञेने तेथील मद्यनिर्मात्यांना बिअर विकता येई, जेवण विकता येत नसे. म्हणून लोक घरची शिदोरी घेऊन येत, आणि पेय मालकाचे घेत. ती परंपरा आजही टिकून आहे. प्रत्येक ठिकाणी यजमान आणि पाहुणा यांच्यात काही ठरलेले आहे. आपण त्यांच्याकडून बाटली तेवढी उचलली आणि ठराव तेथेच ठेवून आलो.

आता आपल्याकडे पाहा. महाराष्ट्रात १९४९चा दारूबंदी कायदा आजही लागू आहे. परवाना नसताना पिण्यासाठी जागा देणाऱ्या मालकावर कलम ६८ खाली, आणि तेथे पिताना सापडणाऱ्यावर कलम ८४ खाली खटला होऊ शकतो. पन्नास यात्रेकरूंची बस दारात उभी असताना एवढे गिऱ्हाईक मोडण्याचे धैर्य महामार्गावरच्या लहानशा खानावळवाल्याने कोठून आणावे? तो पाहून न पाहिल्यासारखे करतो. पैसे आपले वाचतात, धोका त्याच्या चुलीला असतो.

‘परवाना असलेली उपाहारगृहे दुप्पट-तिप्पट दर लावतात, त्यांची कसली दया?’ हा दुसरा युक्तिवाद. दर अवाजवी वाटला तर मार्ग सरळ आहे : त्या दिवशी पिऊ नये. त्याची खुर्ची, त्याचे पेले, त्याचा बर्फ आणि त्याच्या नोकराचे श्रम वापरायचे आणि मोबदला तेवढा नाकारायचा, याला काटकसर म्हणता येणार नाही. मजुराची मजुरी बुडवणे हे पाप आहे, असे आपण लहान मुलांना धर्मशिक्षणात शिकवतो.

याहून गंभीर गोष्ट वेगळीच आहे. करिंथ येथील श्रद्धावंत प्रभुभोजनासाठी एकत्र येत आणि जो तो आपापले जेवण आधीच उरकून घेई. एक उपाशी राही, दुसरा झिंगे. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या अकराव्या अध्यायात संत पौलाने त्यांची यासाठी कडक हजेरी घेतली आहे. आपल्या यात्रांत निराळे काय घडते? पाच-सहा पुरुषांचे मेज वेगळे होते. बायका मुलांना भरवून बसमध्ये जाऊन बसतात, म्हातारी माणसे ताटकळतात, आणि चालकालाही ‘एवढा एक घोट’ म्हणून आग्रह होतो. त्या घोटावर साऱ्या बसचे प्राण अवलंबून असतात. २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ या काळात संत फ्रान्सिस झेवियर यांच्या अवशेषांच्या दर्शनाला जुन्या गोव्याकडे गेलेल्या आपल्या किती गाड्यांत शिदोरीच्या डब्यांमागे बाटल्या होत्या, हे आयोजकांनी आपल्या विवेकाला विचारावे.

म्हणून माझे म्हणणे थोडक्यात असे. उपाहारगृहात शिरताच मालकाला स्पष्ट विचारावे. परवाना नसेल तर बाटली उघडू नये. परवाना असेल आणि त्याने संमती दिली तर तो मागेल ते शुल्क द्यावे आणि वाढणाऱ्याचा हातही रिकामा ठेवू नये. चालकाला आग्रह करणाऱ्यास पुढच्या थांब्यावर उतरवावे. हे नियम यात्रेचे पैसे गोळा करतानाच जाहीर व्हावेत.

ज्यांना हे जाचक वाटते, त्यांनी आपल्या घरी, आपल्या माणसांत बसून आनंदाने प्यावे. यात्रेच्या यादीत त्यांचे नाव घालण्यास मी तरी तयार नाही.