यंत्रालाही मायबोली शिकवा

तथागतांनी धम्म लोकांच्या बोलीत सांगितला. बाबासाहेबांनी १९२० साली 'मूकनायक' काढला, तोही मराठीत. मग इंग्रजी येत नाही म्हणून आमच्या मायमाउलीने संगणकापुढे मान खाली का घालावी?

'सी' शिकणाऱ्या आमच्या मुलामुलींना आम्ही सांगतो, प्रोग्रामात एकच भाषा कोंबू नका. 'जीएनयू गेटटेक्स्ट' हे साधन १९९५ पासून फुकट मिळते. पडद्यावर दिसणारे प्रत्येक वाक्य 'गेटटेक्स्ट'च्या कंसात ठेवा. 'एक्सगेटटेक्स्ट' ती सारी वाक्ये वेचून देते. मग 'पीओ' फाइलीत प्रत्येक इंग्रजी ओळीखाली मराठी ओळ लिहायची. 'एमएसजीएफएमटी' तिचे यंत्राला वाचता येईल असे रूप करते. सुरुवातीला 'सेटलोकेल' मात्र विसरू नका, नाहीतर सारे कष्ट करूनही इंग्रजीच दिसेल. वाक्याचे तुकडेही करू नका; मराठीत क्रियापद शेवटी येते.

ज्यांना 'सी' येत नाही, पण थोडे इंग्रजी आणि चांगले मराठी येते, त्यांनीही 'पीओ' फाइल भरावी. काही ओळी राहिल्या तर तेवढ्याच इंग्रजीत दिसतात, काम अडत नाही. आपण शिकलो, आता आपल्या माणसांसाठी दार उघडू या. जयभीम!