हेरेसची ब्रँडी आणि थांबण्याची ताकद

दारूचा विषय निघाला की बैठकीत मायबहिणींच्या कपाळाला आठी पडते. पडलीच पाहिजे, गुत्त्यांनी केलेली संसारांची राखरांगोळी त्यांनीच भोगली आहे. तरीही आज एका दारूबद्दल लिहितो आहे, कारण तिच्या पिंपात द्राक्षाच्या भावाचे सारे गणित मुरत पडले आहे.

स्पेनच्या दक्षिणेला हेरेस नावाचे शहर आहे. हेरेस आणि शेजारची दोन गावे, एवढ्याच टापूत मुरलेल्या ब्रँडीला 'ब्रँडी दे हेरेस' म्हणता येते. १९८७ पासून त्यावर नियामक मंडळाची नजर असते. गंमत अशी की द्राक्ष बहुतांशी तिथले नसतेच. ते पिकते सुमारे चारशे किलोमीटर दूर, ला मांचाच्या कोरड्या पठारावर. जात आयरेन. दूर दूर लावलेले बुटके वेल, अवर्षणाला काटक, फळाला वास जवळजवळ नाही. तोमेयोसो गावाच्या आसपास त्याची वाइन होते आणि तिथेच भट्टीत चढते. सहा-सात लिटर वाइन आटवावी तेव्हा कुठे लिटरभर कडक, पाण्यासारखा पांढरा अर्क मिळतो. पूर्वी डच व्यापारी तो नेत, म्हणून त्याचे नाव 'ओलांदास'.

हा अर्क हेरेसला येतो आणि ओकच्या सुमारे पाचशे लिटरच्या पिंपांत पडतो. पिंपेही कोरी नव्हेत, आधी शेरी पिऊन मुरलेली. पिंपांचे थर असतात. जमिनीलगतच्या थरातून थोडी ब्रँडी बाटलीसाठी काढायची, तेवढीच वरच्या थरातून खाली ओतायची, नवा अर्क सर्वांत वर भरायचा. कुठलेच पिंप पुरते रिकामे होत नाही. आपल्याकडे घरातले विरजण मोडत नाहीत, तसलाच प्रकार. किमान मुदत ६ महिने, वरच्या प्रतीला १ वर्ष, सर्वांत वरच्या प्रतीला ३ वर्षे. नामांकित कोठारे याहून कितीतरी जास्त थांबतात. दरवर्षी काही भाग हवेत उडतो, तो तोटाही सोसतात.

रंग गर्द तपकिरी होतो. (थोडा जळक्या साखरेचाही असतो, नियमात बसतो.) वास बेदाण्याचा, अक्रोडाचा, व्हॅनिलाचा. जेवणानंतर फुगीर पेल्यात बोटभर घेतात, तळहाताच्या उबेने वास फुलू देतात. पेला आगीवर तापवला तर नुसता अल्कोहोल नाकात चढतो. साधी ब्रँडी स्पेनमधले कामकरी कॉफीतही टाकतात.

आता भावाचे. ला मांचाच्या शेतकऱ्याला पैसे मिळतात द्राक्षाचे किलो आणि साखरेचे अंश यांच्या हिशेबाने. त्याच्या सहकारी संस्था आहेत, मोठ्याही आहेत. पण मुरण्याच्या वर्षांची किंमत त्याच्या हिशेबात येत नाही. ती ज्याचे पिंप त्याची. १८७४ साली बाजारात आलेली 'फुंदादोर' ही ब्रँडी, तिच्या कोठारांसह, २०१६ साली फिलिपिन्सच्या एम्परॅडोर कंपनीकडे गेली. कंपनीने नावाचे आणि मुरलेल्या मालाचे पैसे मोजले. 

आपल्याकडे ब्रँडी म्हणून जे खपते त्यातले बरेचसे उसाच्या मळीच्या स्पिरिटचे असते. युरोपात वाइनपासून केल्याशिवाय ब्रँडी हे नाव लावता येत नाही. इथे तसा कडक नियम झाला तर नाशिक-सांगलीच्या द्राक्षाला एक नवे गिऱ्हाईक मिळेल, आणि ती मागणी मी जरूर करीन. पण पिंप कुणाचे, हा प्रश्न त्याआधीचा आहे. तासगावचा बेदाणावाला शीतगृहात माल ठेवून भावाची वाट पाहतो, तेवढीच काय ती आपल्याकडची मुरवण. त्यासाठी पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना आहे. तिची मुदत १८० दिवस, म्हणजे हेरेसच्या सर्वांत हलक्या प्रतीइतकी. ती मुदत १८ महिन्यांची करा, असा ठराव या जिल्हा बैठकीत यावा.