ड्रम्समागची ‘ती’

रॉक किंवा जाझमधला तुमचा आवडता ड्रमर कोण, असं विचारलं की उत्तरं ठरलेली असतात. बडी रिच, जॉन बॉनम, जिंजर बेकर, कीथ मून. प्रचंड वेग, प्रचंड ताकद, घामाच्या धारा आणि पंधरा-वीस मिनिटांचा सोलो! या मंडळींचं मोठेपण मान्यच. पण माझी यादी जरा वेगळी आहे. ‘ड्रम्स म्हणजे ताकदीचं काम, म्हणजेच पुरुषाचं काम’ हे गणित वर्षानुवर्षं कुणी तपासलेलंच नाही, असं मला वाटतं.

मुळात हा ड्रम सेट जन्माला आला तो काटकसरीतून. अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्सच्या मिरवणुकांत मोठा ढोल एकाकडे, छोटा स्नेअर ड्रम दुसऱ्याकडे, झांजा तिसऱ्याकडे असायच्या. बँड हॉलमध्ये वाजू लागले, जागा आणि पैसा दोन्ही कमी, तेव्हा हे सगळं एकाच वादकाच्या गळ्यात पडलं. १९०९ च्या सुमारास लुडविग बंधूंनी पायानं ढोल वाजवायचं चांगलं पेडल आणलं आणि काम सोपं झालं. दोन हात, दोन पाय, चौघांची चार कामं आणि ती सगळी एका लयीत. सकाळी साडेसातला डबे भरणाऱ्या बाईला हे वेगळं समजावून सांगायला नको!

ठेक्याचंही थोडं सांगते. आपण टाळी देतो समेवर, पहिल्या मात्रेवर. रॉकमध्ये चार मात्रांतल्या दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर स्नेअरचा फटका पडतो. आपल्या कानाला सुरुवातीला हे उलटं वाटतं, पण एकदा अंगात भिनलं की पाय आपोआप हलतो. जाझमध्ये हाच जोर हलका होतो. डाव्या पायानं हाय-हॅटच्या दोन झांजा दुसऱ्या-चौथ्या मात्रेवर मिटायच्या आणि उजव्या हातानं मोठ्या झांजेवर झुलती लय धरायची. १९४० च्या आसपास केनी क्लार्कनं लय ढोलावरून या झांजेवर नेली आणि जाझचं वजनच उतरलं.

आता माझे आवडते. पहिला चार्ली वॉट्स. १९६३ पासून २०२१ मध्ये जाईपर्यंत तो रोलिंग स्टोन्सबरोबर होता, पण मनानं जाझवालाच. आजूबाजूला सगळा धुडगूस आणि हा एवढ्याशा ड्रम सेटमागे ऑफिसात बसल्यासारखा शांत. स्नेअरवर फटका मारताना तो उजवा हात हाय-हॅटवरून किंचित उचलून घ्यायचा. त्या क्षणभराच्या रिकाम्या जागेमुळे ठेका श्वास घेतल्यासारखा वाटतो.

दुसरा बीटल्सचा रिंगो स्टार. लहानपणी क्षयामुळे त्याला दीर्घकाळ रुग्णालयात राहावं लागलं आणि तिथल्या मुलांच्या वाद्यवर्गात त्याला ड्रमचा नाद लागला. हा जन्माचा डावखुरा, आजीनं उजव्या हाताची सवय लावलेला (हे आपल्याकडच्या आज्यांचंही ठरलेलं काम!) आणि वाजवतो उजव्या हाताच्या मांडणीवर. त्यामुळे त्याच्या मधल्या जागा जरा अडखळत, वेगळ्याच वाटेनं येतात. त्याची नक्कल करायला भले भले कंटाळतात.

जाझमध्ये मॅक्स रोच. ‘द ड्रम ऑल्सो वॉल्ट्झेस’मध्ये दोन्ही पाय तीन मात्रांचा साधा ठेका धरून ठेवतात आणि वर हात बोलत राहतात. सोबतीला एकही वाद्य नाही, तरी गाणं ऐकल्याचं समाधान मिळतं. आणि आपल्या मुंबईचा त्रिलोक गुर्टू. ठुमरीगायिका शोभा गुर्टू यांचा हा मुलगा आधी तबला शिकला, मग जाझमध्ये गेला. ड्रम्सही जमिनीवर गुडघे टेकून वाजवतो, पाण्याच्या बादलीत झांज बुडवून तिचा सूर वाकवतो. त्याच्या ‘उस्फ्रेट’ या अल्बममध्ये शोभाताईंचा आवाज आहे.

या सगळ्यांत ताकद कुठे आहे? आहे ते दुसऱ्याचं ऐकणं, धीर धरणं आणि सगळ्यांना एकत्र बांधून ठेवणं. मग मुलींना या स्टुलावर बसू द्यायला काय हरकत होती?

अमेरिकेत व्हायोला स्मिथनं हा प्रश्न १९४२ सालीच विचारला. बहिणींच्या घरच्या वाद्यवृंदात ती ड्रम्स वाजवत मोठी झाली होती. युद्धावर गेलेल्या पुरुष वादकांच्या जागी सुमार वादक घेण्यापेक्षा चांगल्या बायकांना घ्या की, असं तिनं ‘डाउन बीट’ मासिकात स्पष्ट लिहिलं. त्यावर वादही झाला. व्हायोला मात्र वाजवत राहिली आणि २०२० मध्ये, १०७ वर्षांची होऊन गेली.

मला चटका लावते ती कॅरन कार्पेंटर. तिचा मखमली आवाज आपल्याकडेही अनेकींना ठाऊक आहे, पण ती स्वतःला गाणारी ड्रमरच म्हणवायची. शाळेत व्यायामाचा तास चुकवण्यासाठी ती बँडमध्ये गेली आणि ड्रम्सच्या प्रेमात पडली. १९६९ च्या पहिल्या अल्बमवर ड्रम्स तिचेच आहेत. पुढच्या वर्षी ‘क्लोज टू यू’ गाजलं, त्यावर मात्र वाजवतोय हॅल ब्लेन. तो नामांकित स्टुडिओ वादक, त्याचा दोष नाही. पण हळूहळू कॅरनला ड्रम्समागून उठवून माइकसमोर उभं केलं गेलं. कारण काय, तर गाणारी मुलगी लोकांना नीट दिसली पाहिजे! १९७५ साली एका अमेरिकी मासिकाच्या वाचकांनी तिला सर्वोत्तम रॉक ड्रमर ठरवलं, साक्षात बॉनमच्याही पुढे. १९८३ मध्ये, अवघ्या ३२ व्या वर्षी, अन्न नाकारण्याच्या आजारानं ती गेली. आजाराचं कारण एवढं सोपं नसतं हे मला समजतं. तरीही, ड्रम्समागे बसलेली हसरी कॅरन आणि नंतर प्रकाशझोतात उभी असलेली कॅरन यांची छायाचित्रं शेजारी ठेवली की माझा जीव गलबलतो.

मेग व्हाइटचं दुखणं निराळं. ‘द व्हाइट स्ट्राइप्स’मध्ये दोनच माणसं, ती आणि जॅक व्हाइट. तिचं वादन अगदी साधं, लहान मुलानं ताल धरावा तसं. त्यावरून तिला किती नावं ठेवली! बँड २०११ मध्ये बंद झाला, तरी २०२३ सालीही तिच्या वादनावर समाजमाध्यमांत भांडणं रंगली. साधेपणा चार्ली वॉट्सनं केला की तो संयम आणि मेगनं केला की येत नाही म्हणून. २०२५ मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये या जोडीचा समावेश झाला, हे बरं झालं.

आणि टेरी लिन कॅरिंग्टन. आजोबांचे ड्रम्स नातीकडे आले, अकराव्या वर्षी बर्कली या नामांकित संगीत महाविद्यालयाची शिष्यवृत्ती मिळाली. २०१४ मध्ये जाझ वाद्यसंगीताच्या अल्बमचं ग्रॅमी मिळवणारी ती पहिली स्त्री ठरली. नातवाऐवजी नातीच्या हातात काठ्या देणाऱ्या त्या घराचं मला फार कौतुक वाटतं.

ताकदीचंच म्हणाल तर पुण्याच्या विसर्जन मिरवणुकीत कमरेला ढोल बांधून तासन्‌तास वाजवणाऱ्या मुली आपण पाहतोच. तिथे टाळ्या वाजवतो आपण. पण घरी क्लास लावायची वेळ आली की मुलीला कथ्थक नाहीतर कीबोर्ड आणि ऑक्टोपॅड मुलाला. वस्तीतल्या सुट्टीच्या शिबिरांतही हेच दिसतं. मुली लांबून, हात मागे बांधून बघत राहतात. ‘तुला वाजवायचंय का?’ असं विचारलं की आधी आईकडे पाहतात.

आवाजाचा प्रश्न खरा आहे. सोसायटीत ड्रम सेट म्हणजे शेजाऱ्यांशी वैरच! पण सुरुवातीला पूर्ण सेट लागतच नाही. रबराचं सरावाचं पॅड आणि काठ्यांची एक जोडी, एवढ्यावर पहिले काही महिने निघतात. स्वयंपाकघरातल्या कट्ट्यावरही मावतं ते, आणि आवाज पोळपाट-लाटण्याहून जास्त होत नाही.