पावत्यांची पिशवी

लोहा तालुक्यातल्या माळेगावच्या यात्रेत गाढवांच्या बाजाराला लागून पालं पडतात. खंडोबाच्या या यात्रेला वैदू, घिसाडी, गोसावी, कैकाडी, वडार असे कितीतरी भटके येतात. काही वर्षांपूर्वी तिथं एका पालापुढे बसलो होतो. पाकीटमारांपासून सावध राहा, अशी सूचना भोंग्यावरून चालू होती. तेवढ्यात दोन शिपाई आले. पालातल्या पोरीच्या पायातले चांदीचे वाळे पाहून त्यांनी तिच्या आईला विचारलं, "कुठून आणले गं हे?" बाई काही बोलली नाही. आत गेली, पत्र्याच्या पेटीच्या तळातून प्लास्टिकची पिशवी काढली, तिच्यातून दुसरी पिशवी आणि त्या पिशवीतून सराफाची पावती. शिपाई पुढच्या पालाकडे गेले.

"मावशी, बघू का?" म्हणून मी पिशवी हातात घेतली. मोबाईलचं बिल, शेळी विकल्याची चिठ्ठी, स्टीलच्या हंड्याचं बिल. एका मशीनच्या पावतीवरची शाई उडून कागद पार कोरा झाला होता, तरी तोही घडी घालून ठेवला होता. माझ्या खिशातल्या मोबाईलचं बिल मी कधीच हरवलं होतं. ते मला कुणी मागणार नाही, याची मला खात्री होती.

या बाईकडे पावती का मागतात, असं विचारलं की ठाण्यात आणि ठाण्याबाहेर एकच उत्तर मिळतं: आम्ही जात बघत नाही, रेकॉर्ड बघतो. वरवर हे बिनतोड वाटतं, पण रेकॉर्ड तयार कसं होतं ते पाहिलं पाहिजे. घरफोडी झाली की वरून दट्ट्या येतो, मग ठाण्याचं गुन्हे शोधणारं डीबी पथक वस्तीवर जातं, चार पोरं उचलून आणतं. दोन सुटतात, दोघांवर प्रतिबंधक कारवाई होते. झाली नोंद. पुढच्या घरफोडीला ती नोंद काढून पुन्हा त्याच वस्तीवर जायचं. जिथं जाळं टाकलं जात नाही तिथले मासे मोजले जात नाहीत. लातूरच्या एखाद्या बंगल्यात बसून बनावट कागदांवर प्लॉट विकणाऱ्याच्या गल्लीत पहाटे चारला कोंबिंग ऑपरेशन झाल्याचं मी ऐकलेलं नाही.

आणि या रेकॉर्डचं पहिलं पान कोणी लिहिलं? १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं. त्यात माणसानं काय केलं हा प्रश्नच नव्हता, तो कोणाच्या पोटी जन्मला एवढं पुरे होतं. हजेरी, दाखला घेतल्याशिवाय गाव न सोडणं, सोलापूरला तारेच्या कुंपणातली वसाहत. आपला मराठवाडा निजामाकडे होता, पण हा ठपका तिथंही चुकला नाही. देश स्वतंत्र झाल्यावर आणखी पाच वर्षं सोळा दिवस थांबून, ३१ ऑगस्ट १९५२ला कायदा रद्द झाला. म्हणून हे लोक विमुक्त. त्यानंतर सात वर्षांनी, १९५९मध्ये, सराईत गुन्हेगारांचा कायदा आला. कागदावर जात गेली, पण शोधणाऱ्यांची नजर त्याच पालांवर राहिली.

दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे. लक्ष्मण गायकवाडांनीच 'उचल्या' या आत्मकथनात चोरीचं लिहिलंय, मग पोलिसांचं काय चुकलं? लातूरजवळच्या धनेगावच्या या लेखकानं काहीही लपवलं नाही हे खरं. १९८८चा साहित्य अकादमी पुरस्कार त्या पुस्तकाला मिळाला तो याच सच्चेपणामुळे, असं मी मानतो. पण अर्धंच पुस्तक वाचून असा आक्षेप घेता येतो. उरलेल्या अर्ध्यात काम मागायला गेलेल्या माणसाला जात कळताच मिळणारा नकार आहे, झडती आहे, मार आहे. हाच लेखक सूतगिरणीत कामाला लागला, तिथं कामगारांसाठी उभा राहिला. चोरी रक्तात असती तर हे कसं घडलं? वस्तीत चोर नाहीतच असं मी म्हणत नाही. चोराला जरूर धरा. पण धरताना त्या माणसाविरुद्ध पुरावा हवा, त्याच्या आडनावाविरुद्ध नव्हे.

नजर चुकली की काय होतं याचा दाखला फार लांब नाही. नाशिकजवळ २००३ साली झालेल्या दरोडा, खून आणि बलात्काराच्या खटल्यात भटक्या जमातीतले सहा गरीब मजूर आरोपी झाले. २००९मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सहाही जणांना फाशी ठोठावली. २०१९च्या मार्चमध्ये त्याच न्यायालयानं सहाही जणांना निर्दोष ठरवलं. हल्ल्यातून वाचलेल्या स्त्रीनं सुरुवातीलाच पोलिसांकडच्या फोटोंतून दुसऱ्याच चौघांना ओळखलं होतं आणि त्या चौघांचा तपासच झाला नव्हता! सरकारनं प्रत्येकी पाच लाख द्यावेत, असा आदेश झाला. पण तोवर सोळा वर्षं गेली होती, आणि खरे गुन्हेगार मोकळे राहिले होते.

"अनुभवातून नजर तयार होते" असं म्हणणाऱ्यांनी न्यूयॉर्कचे आकडे पाहावेत. तिथं रस्त्यात अडवून अंग चाचपण्याची पद्धत होती. २००४ ते २०१२च्या मध्यापर्यंत ४४ लाख वेळा माणसं अडवली गेली, त्यात ८० टक्क्यांहून जास्त कृष्णवर्णीय आणि लॅटिनो. शंभरातल्या ८८ वेळा पुढे काहीच निघालं नाही. शस्त्र सापडण्याचं प्रमाण तर गोऱ्यांकडे थोडं जास्तच होतं. २०१३मध्ये तिथल्या न्यायालयानं ही पद्धत घटनाबाह्य ठरवली. अडवणं काही पटींनी घटलं, पण शहरात गुन्हे माजले नाहीत.

आता आरक्षणाचा मुद्दा. हुशार वाटणारा एक सवाल मला वारंवार ऐकू येतो: पोलिसांनी जात बघू नये म्हणता, मग भरतीत आणि प्रवेशात जात का बघायची? या दोन्ही गोष्टी सारख्या मुळीच नाहीत. पोलीस जात बघतो तेव्हा एका माणसानं न केलेल्या गुन्ह्याचा संशय जातीवरून घेतला जातो. भरपाई देताना जात बघतात, कारण नुकसान जातीच्या नावानंच, कायदा करून, सरकारनं केलेलं आहे. यादी करताना जात दिसली आणि देणं द्यायची वेळ आली की दिसेनाशी झाली, हे चालणार नाही.

आणि देणं तरी कितीसं दिलं? राज्यात चौदा विमुक्त जातींना मिळून तीन टक्के. भटक्या-विमुक्तांसाठी नेमलेल्या रेणके आयोगानं २००८मध्ये १० टक्क्यांची शिफारस केली, ती अमलात आली नाही. त्याहून विचित्र गोष्ट आमच्याच नांदेड जिल्ह्याच्या शिवेवर आहे. पैनगंगेच्या पलीकडे उमरखेडला राहणारा कैकाडी अनुसूचित जातीत मोडतो. पूल ओलांडून हदगावला आला की तोच कैकाडी विमुक्त जातीत. त्याला मारहाण झाली, जातीवरून शिवी दिली गेली, तर उमरखेडच्या भावाला अॅट्रॉसिटी कायद्याचा आधार आहे, याला नाही. देगलूर-बिलोलीच्या पलीकडे तेलंगणातला लंबाडा अनुसूचित जमातीत आहे, त्याच समाजातला अलीकडचा बंजारा नाही. संशय मात्र नदीकाठी थांबत नाही. तो दोन्ही काठांवर सारखाच पाठीमागे येतो.

सर्वोच्च न्यायालयानं ३ ऑक्टोबर २०२४ला, तुरुंगातल्या जातिभेदावर पत्रकार सुकन्या शांता यांनी दाखल केलेल्या याचिकेत, विमुक्तांना मनमानी अटक होऊ नये असं पोलिसांना बजावलं आणि तुरुंगाच्या नोंदवह्यांतला जातीचा रकाना काढायला सांगितला. माझी मागणी त्याच वाटेनं एक पाऊल पुढे जाते. नांदेड आणि लातूरच्या प्रत्येक ठाण्यानं वर्षभरात पालांवर किती झडत्या घेतल्या, किती जणांना बसवून ठेवलं आणि त्यातल्या किती जणांवर दोष सिद्ध झाला, हे लोकांपुढे मांडावं. कोर्टानं सोडलेल्या माणसाचं नाव आणि फोटो ठाण्याच्या यादीतून त्याच महिन्यात निघावा. आणि पावती मागायचीच असेल, तर आधी शिपायानं कोणत्या गुन्ह्यासाठी मागतोय ते लेखी द्यावं, खाली सही करून. माळेगावच्या त्या पेटीत अजून एका कागदाला जागा आहे.