पहिला शब्द नात्याचा

गेल्या महिन्यात जैवविविधतेवरच्या एका व्याख्यानाला गेलो होतो. वक्ते व्यासंगी, बोलण्यात तरबेज. सभागृह पहिल्या दहा मिनिटांतच त्यांच्या मुठीत आलं. उत्तरार्धात त्यांची गाडी कीटकांच्या आणि कोळ्यांच्या नव्या वंशांवर आली. रोज उठून कुठे ना कुठे नवा वंश जाहीर होतो, ते म्हणाले. निसर्गात एक मुंगीसुद्धा वाढलेली नसते, वाढतात ती फक्त नावं. एका कपाटातल्या बाटल्या दोन कपाटांत ठेवायच्या आणि शोध लागला म्हणून मिरवायचं! टाळ्या पडल्या. प्रश्नोत्तरांच्या वेळी मी हात वर केला, पण माझी पाळी येण्याआधीच आभारप्रदर्शन सुरू झालं. जे तिथे बोलता आलं नाही ते इथे लिहितो.

पूर्वपक्ष असा. नवे वंश गरजेपेक्षा फार झाले. त्यातले बरेच रानात नाही, संग्रहालयाच्या जुन्या बाटल्यांत 'सापडतात'. नावं गायकांची द्यायची, म्हणजे बातमी होते. डीएनए वाचता येऊ लागल्यावर या लॅटिन नावांचं काम संपलं. रुळलेली नावं बदलून डॉक्टर, शेतकरी, विद्यार्थी सगळ्यांनाच गोंधळात टाकलं जातं. आणि या सगळ्याच्या मुळाशी वक्त्यांचा लाडका सिद्धांत: वंश नावाची वस्तू निसर्गात नाहीच, माणसानं सोयीसाठी ओढलेली ती रेघ आहे.

आधी शब्दाचा घोळ निस्तरतो. आपल्या शालेय पुस्तकांत 'जाती'च्या वरची पायरी म्हणजे 'प्रजाती'. वर्तमानपत्रांत मात्र 'नवी प्रजाती सापडली' असं छापून येतं तेव्हा बहुतेक वेळा सापडलेली असते ती जाती. या एका शब्दापायी मी पूर्वी संपादकांना पत्रं लिहिली आहेत, मित्रांशी वाद घातले आहेत, आणि माझं मत आजही तेच आहे. काका, मामा, आत्या, मावशी या प्रत्येक नात्याला जिच्याकडे वेगळा शब्द आहे, त्या भाषेनं या दोन पायऱ्यांची सरमिसळ करू नये. वक्त्यांनी तासाभरात 'प्रजाती' हा शब्द दोन्ही अर्थांनी वापरला. ज्याला पायऱ्या वेगळ्या दिसत नाहीत, त्याला जिना खोटा वाटणारच. मी इथे 'वंश' म्हणतो. शास्त्रीय नावातल्या दोन शब्दांपैकी पहिला वंशाचा, दोन्ही मिळून जातीचं नाव.

आता किरकोळ आक्षेप. नवे वंश फार झाले म्हणता? कोळ्यांची शास्त्रीय नावं १७५७ साली स्वीडनच्या कार्ल क्लर्क यांच्या पुस्तकापासून सुरू होतात. जगभरच्या कोळ्यांची यादी स्वित्झर्लंडमधल्या बर्नच्या निसर्गेतिहास संग्रहालयात ठेवली जाते. तिच्यात पन्नास हजारावी जाती दाखल झाली ती एप्रिल २०२२ मध्ये: दक्षिण ब्राझील आणि उरुग्वेकडचा एक उड्या मारणारा कोळी, गुरियुरियस मिनुआनो. मोजणी सुरू होऊन २६५ वर्षं झाली तरी पन्नास हजाराव्या कोळ्याला जुन्या एकाही वंशात जागा मिळाली नाही. गुरियुरियस हा वंशही त्याच्याबरोबरच नव्यानं मांडावा लागला. घर अजून पुरतं पाहून झालेलं नाही, आणि हे दारातूनच सांगतात की खोल्या जास्त झाल्या.

जुन्या बाटल्यांचं म्हणाल तर २००२ साली मँटोफॅस्मा हा वंश मांडला गेला तो संग्रहालयात वर्षानुवर्षं पडून असलेल्या कीटकांवरूनच. त्या बाटल्यांतून नुसता वंश निघाला नाही, कीटकांचा अख्खा नवा गण निघाला. त्याच्या आधीचा नवा गण १९१४ सालचा. त्याच वर्षी नामिबियातल्या ब्रँडबर्ग डोंगरावर या गणातले जिवंत कीटक हाती आले. बाटली जुनी होती. तिच्यात काय आहे हे ओळखणारा डोळा नवा होता.

डीएनएचं उत्तर एका वाक्यात संपतं: ज्या अक्षरांच्या माळेशी ताडून पाहायला नाव दिलेला नमुनाच नाही, ती माळ घेऊन तुम्ही कुणाचा पत्ता शोधणार?

गायकांची नावं? जमिनीखाली राहणाऱ्या मखमली कोळ्यांच्या एका वंशाला २०१२ साली लू रीड या गायकावरून लूरीडिया हे नाव दिलं गेलं, हे खरं. मग २०२१ सालचं आपल्या दाराशी घडलेलं उदाहरणही सांगा की. ठाणे-कल्याण परिसरात सापडलेल्या उड्या मारणाऱ्या कोळ्याचं नाव आयसियस तुकारामी ठेवलं गेलं, ते २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीवर निःशस्त्र असताना अतिरेक्याची रायफल धरून ठेवणाऱ्या तुकाराम ओंबळे यांच्यावरून. ते नाव वाचताना मला त्यात प्रसिद्धीचा हव्यास दिसला नाही. आणि त्या नावाचा एक नियम वक्त्यांना ठाऊक असायला हवा होता. उद्या संशोधनातून कळलं की हा कोळी दुसऱ्या वंशातला आहे, तर 'आयसियस' हा पहिला शब्द बदलेल. 'तुकारामी' त्या कोळ्याबरोबर जाईल. म्हणजे नाव बदलतं तेव्हा सगळं पुसलं जात नाही. नात्याबद्दलची समज तेवढी दुरुस्त होते.

नावबदलाचा त्रास होत नाही असं मी म्हणणार नाही. डेंग्यूच्या डासाला, एडिस इजिप्टायला, २००४ साली स्टेगोमिया या वंशात हलवलं तेव्हा आरोग्य क्षेत्रातली माणसं चिडली, आणि त्यांचं चिडणं रास्त होतं. पुढे २०१५ साली डासांच्याच अभ्यासकांनी ती मांडणी मागे घेणारी मांडणी पुढे ठेवली. फळमाशीचंही तसंच. ड्रोसोफिला हा अवाढव्य वंश तोडला तर प्रयोगशाळांतली प्रसिद्ध ड्रोसोफिला मेलानोगॅस्टर हीच सोफोफोरा होऊन बसेल, ही भीती जुनी आहे. तसं होऊ नये म्हणून काही अभ्यासकांनी प्राणिनामांच्या आंतरराष्ट्रीय आयोगाकडे अर्ज केला. २०१० साली आयोगानं तो फेटाळला. मात्र वंश तोडण्याची घाई अभ्यासकांनीही केली नाही, आणि फळमाशी आजही ड्रोसोफिलाच आहे. हा वाद माझ्या मित्रांत इतक्यांदा झाला आहे की दोन्ही बाजूंची वाक्यं मला पाठ आहेत. त्यातून मी एवढंच शिकलो की या शास्त्राला आपली चूक मागे घेता येते. वक्त्यांनी तीच गोष्ट दोष म्हणून सांगितली.

आता त्यांच्या लाडक्या सिद्धांताकडे येतो. वंश ही मनानं ओढलेली रेघ. हे वाक्य ऐकायला खोल वाटतं, म्हणूनच त्याचा मला राग आहे.

तळकोकणातल्या आंब्याच्या झाडाखाली उभे राहा. पानं शिवून घरटी करणाऱ्या तांबड्या मुंग्या, म्हणजे हुमले, फांदीवरून ये-जा करत असतात. चावल्या की हात झटकत पळावं लागतं. पण रांगेच्या कडेला बराच वेळ पाहत राहिलात तर एखादी मुंगी वेगळी वाटते. ती थबकते, मान वळवल्यासारखी वळते, मुंग्या जवळ आल्या की अंग चोरून बाजूला होते. तिला पाय आठ आहेत. पुढचे दोन उचलून ती मिशांसारखे हलवते आहे. नर असेल तर जबडे इतके लांब की एका मुंगीनं तोंडात दुसरी मुंगी धरली आहे असं वाटावं. हा उड्या मारणारा कोळी, मिर्माप्लाटा प्लाटालिऑइडिस. त्याच झाडावर दुसराही एक बहुरूपी असतो: ॲमिसिया, खेकड्या कोळ्यांपैकी. त्याच्या पोटाच्या मागच्या टोकाला दोन काळे ठिपके असतात, हुबेहूब मुंगीच्या डोळ्यांसारखे. त्याची पाठ हेच मुंगीचं तोंड.

दोघंही एकाच मुंगीची नक्कल करतात. शाळकरी पोर दोघांना एकाच डबीत ठेवील, आणि रेघ जर मनाचीच असेल तर त्यात त्याचं काही चुकलं असं म्हणता येणार नाही. पण पहिला कोळी मुंगीच्या वेषात इतर शत्रूंपासून लपतो आणि खऱ्या मुंगीपासून मात्र दूर पळतो. दुसरा मुंगीच खातो. तिला पकडून धाग्याला लोंबकळत फांदीवरून खाली सुटतो, म्हणजे तिच्या मैत्रिणी मदतीला पोचत नाहीत. रूप एक, घराणी दोन, आणि जगण्याची रीत घराण्यातून आलेली. ही रेघ कुणाच्या मनानं ओढली?

म्हणाल, ही दोन कुळांची गोष्ट झाली, वंशाचं काय? वंशातही तेच, फक्त नजर आणखी जवळ न्यावी लागते. माझ्याकडे एक जुना सूक्ष्मदर्शक आहे. उड्या मारणाऱ्या कोळ्याचा नर त्याखाली ठेवला की तोंडाजवळचे दोन आखूड अवयव दिसतात, टोकाला फुगलेले, मुठी आवळल्यासारखे. नर या मुठींत वीर्य भरून घेतो आणि मादीपर्यंत पोचवतो. मुठीवर एक बारीक, काळपट, वळलेली नळी असते. कुठे ती लांब केसासारखी गोल फिरते, कुठे आखूड काट्यासारखी थांबते. रंग, ठिपके, आकार फसवतात. नळीची घडण आणि तिला साजेशी मादीची घडण सहसा फसवत नाही. पोलंडचे येझी प्रोशिन्स्की यांनी मुंगीसारख्या कोळ्यांच्या मिर्माराक्ने या गर्दीच्या वंशातून २०१६ साली मिर्माप्लाटा वेगळा काढला तो अशीच घडण पाहून.

आणि इथे मी स्वतःच्या बाजूची अडचण सांगतो, कारण वक्त्यांनी ती सांगितली नाही. सांगितली असती तर त्यांचा मुद्दा थोडा तरी उभा राहिला असता. प्रोशिन्स्की यांच्या सगळ्या वाटण्या सर्व अभ्यासकांना पटलेल्या नाहीत. वंश केवढा धरायचा, मोठं एकत्र घर की चार बिऱ्हाडं, हे शेवटी माणूसच ठरवतो. पण एका पूर्वजाची सगळी लेकरं त्या घरात आहेत की नाहीत, परकं कुणी घुसलं आहे की काय, हे माणूस ठरवत नाही. ते आधीच घडून गेलेलं असतं; आपण फक्त ओळखतो किंवा चुकतो. नकाशावर तालुक्याची हद्द असते आणि पाणलोटाची रेघही असते. दोन्ही माणसानंच काढलेल्या. तालुक्याची हद्द सरकारी कागदानं हलते. पाणलोटाची रेघ चुकीची काढलीत तर पहिल्या पावसात पाणी दुसरीकडे वाहताना दिसतं. वंशाची रेघ ही पाणलोटाची आहे. ती चूक ठरू शकते, आणि जी चूक ठरू शकते ती नुसती मनाची नसते.

२००३ साली ब्राझीलमध्ये मानाउसजवळच्या पालापाचोळ्यात एक फिकट, आंधळी मुंगी सापडली, जेमतेम दोन-तीन मिलिमीटरची. एकच कामकरी मुंगी. २००८ साली ती मार्शियालिस ह्युरेका म्हणून जगापुढे आली. नवा वंशच काय, तिच्यासाठी मुंग्यांचं नवं उपकुलही मांडावं लागलं. 'निसर्गात एक मुंगीसुद्धा वाढलेली नसते' असं वक्ते म्हणाले होते. ती मुंगी आधीपासून होती, हे कबूल. पण मुंग्यांच्या घराण्याचं इतक्या जुन्या मुळाजवळून फुटलेलं एक खोड आपल्याला ठाऊकच नव्हतं, आणि ते आता ठाऊक झालं. ज्ञान वाढणं म्हणजे दुसरं काय असतं?

उरला प्रश्न मंडनाचा: या सगळ्यातून मिळतं काय? एकच उदाहरण देतो. ते आपल्या ताटातलं आहे.

एकादशीच्या खिचडीचा साबुदाणा कसाव्याच्या कंदापासून होतो आणि त्याचं मोठं केंद्र तमिळनाडूतलं सेलम. १९७० च्या दशकात आफ्रिकेत कसाव्यावर एका पिठ्या ढेकणानं हल्ला चढवला आणि कोट्यवधी लोकांचं रोजचं अन्न धोक्यात आलं. १९७७ साली त्याला फेनाकोकस मॅनिहोटी हे नाव मिळालं. हा किडा मूळचा दक्षिण अमेरिकेतला असणार, म्हणून त्याचे शत्रू तिथे शोधले गेले. आधी सापडला तो त्याच वंशातला, पण दुसराच ढेकूण. त्याच्यात नर असतात, मॅनिहोटीत नसतात. त्याचे शत्रू आफ्रिकेत निरुपयोगी ठरले. खरा ढेकूण १९८१ साली पॅराग्वेत मिळाला, आणि त्याच्यावर जगणारी एक इवलीशी परोपजीवी गांधीलमाशीही. तिला १९६४ साली अर्जेंटिनातल्या एका अभ्यासकानं नाव देऊन ठेवलं होतं: अपोअनॅगायरस लोपेझी. त्या वेळी तिचा कुणाला काही उपयोग नव्हता. ती आफ्रिकेत सोडली आणि कसावा वाचला. या मोहिमेचे प्रमुख हान्स हेरेन यांना १९९५ साली जागतिक अन्न पुरस्कार मिळाला.

या माशीच्या नावातला पहिला शब्द नंतर बदलत गेला, अपोअनॅगायरस, मग एपिडिनोकार्सिस, आता अनॅगायरस. वक्ते म्हणतील, बघा, गोंधळ. मी म्हणतो, बघा, लोपेझी जागेवर आहे, आणि अनॅगायरस हा शब्द आज शेतीशास्त्राच्या विद्यार्थ्याला एका झटक्यात सांगतो की ही पिठ्या ढेकणांवर जगणाऱ्या घराण्यातली आहे; हिचा शत्रू कोण, हिला कुठे सोडायचं. पहिल्या शब्दाचं काम तेवढंच आहे आणि ते फार मोठं आहे.

तोच पिठ्या ढेकूण २०२० साली केरळात त्रिशूरला आढळला. भारतीय कीटकशास्त्रज्ञांना शत्रू शोधत हिंडावं लागलं नाही. नाव माहीत होतं, म्हणून त्यांनी नाव सांगून माशी पश्चिम आफ्रिकेतल्या बेनिनमधून मागवली. १९६४ साली जिला अर्जेंटिनात नाव मिळालं, ती अनॅगायरस लोपेझी २०२२ साली सेलम जिल्ह्यातल्या कसाव्याच्या शेतात सोडली गेली.