पायवाट आखण्याआधी तिचे बंद महिने ठरवा

नागझिऱ्यात शिरायचे तर आज पर्यटकाला गाडीत बसूनच शिरावे लागते. पिटेझरी, चोरखमारा, मंगेझरी, उमरझरी, कोणत्याही गेटवरून आत जा. परवाना, सोबत गाइड, ठरलेला रस्ता, ठरलेली वेळ आणि गाडीतून पाय खाली न ठेवण्याची ताकीद यातून सुटका नाही. गंमत अशी की, ज्या व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘नागझिरा’ने हे रान मराठी घरांत पोचवले, ते पुस्तक पायी हिंडणाऱ्या माणसाचे आहे. नवेगावबांधची ओळख करून देणारे मारुती चितमपल्लीही वनाधिकारी म्हणून तिथे पायीच फिरले. त्यामुळे ‘आम्हालाही चालू द्या’ असे कोणी म्हटले की मराठी वाचकाचे मन आधीच राजी असते. माझेही आहे. गोंदिया-भंडाऱ्याच्या या नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाच्या बफरमध्ये पर्यटकांसाठी पायवाटा व्हाव्यात, याच मताचा मी आहे. माझे भांडण आहे ते नकाशावर रेघ ओढली, दोन फलक लावले आणि तिकीटखिडकी उघडली की पायवाट झाली, या समजुतीशी. वाट कुठून न्यायची हा दुसरा प्रश्न. ती वर्षात कधी बंद ठेवायची हा पहिला, आणि त्याचे उत्तर लेखी मिळाल्याशिवाय एक दगडही हलवू नये.

आधी हे रान कसे जोडले गेले ते पाहू. नागझिरा १९७० मध्ये अभयारण्य झाले, नवेगाव १९७५ मध्ये राष्ट्रीय उद्यान. पुढे नवीन नागझिरा, नवेगाव आणि कोका ही अभयारण्ये आली आणि या पाच तुकड्यांचा मिळून डिसेंबर २०१३ मध्ये राज्यातला पाचवा व्याघ्र प्रकल्प झाला. गाभा साधारण साडेसहाशे चौरस किलोमीटरचा. त्याभोवती नंतर जाहीर झालेले बफर त्याच्या जवळपास दुप्पट, साडेबाराशेच्या घरातले, आणि त्यात गावे, शेते, तळी, देवस्थाने सगळेच आले. गाभ्यातल्या पर्यटनावर सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१२ मध्ये बंदी घातली होती. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाने मार्गदर्शक तत्त्वे अधिसूचित केल्यावर त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ती उठली. त्या तत्त्वांत गाभ्याच्या २० टक्क्यांहून जास्त भाग पर्यटनाला द्यायचा नाही, वाहनक्षमता काढायची, स्थानिक सल्लागार समिती नेमायची, असे बरेच काही आहे. वाहनाने वन्यप्राण्यापासून निदान २० मीटर दूर राहावे, दोन वाहनांत ५० मीटर अंतर असावे, एका प्राण्यापाशी १५ मिनिटांहून जास्त थांबू नये, इतके बारीक नियमही आहेत.

नियम इतके बारीक असून काय झाले, हे शेजारच्या उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात ३१ डिसेंबर २०२४ रोजी दिसले. गोठणगाव भागात ‘एफ-२’ वाघीण आणि तिचे पाच बछडे रस्त्यावर असताना दोन्ही बाजूंनी पर्यटकांच्या गाड्या लागल्या आणि मायलेकरे मधोमध कोंडली गेली. चित्रफिती पसरल्या, चालक-गाइडांवर कारवाई झाली, मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. गाड्यांच्या संख्येला मर्यादा तिथेही होतीच. पण दिवसाकाठी किती गाड्या सोडल्या याने वाघिणीला फरक पडत नाही. त्या एका वळणावर, त्या एका घडीला किती जमल्या याने पडतो. वाहनक्षमतेचे गणित रस्त्याची लांबी आणि दोन वाहनांतले अंतर यांवरून सुरू होते, मग त्यातून काही कारणांची वजावट करत एक आकडा हाती येतो. दफ्तराला आकडा आवडतो. जंगलात मात्र वेळ आणि जागा मोजाव्या लागतात, आणि पायी चालणाऱ्यांच्या बाबतीत तर त्याहून जास्त.

कारण पायी फिरणे म्हणजे आपोआप सौम्य, हा शहरी भाबडेपणा आहे. डिझेल जळत नाही, धूळ उडत नाही, हे खरे. पण रोजच्या रस्त्यावरून रोजच्या वेळी जाणाऱ्या गाडीला चितळ सरावते. पायी आलेल्या माणसाला पाहून ते अधिक दुरून आणि अधिक वेगाने पळते, असेच जगभरच्या बहुतेक अभ्यासांत दिसते. माणूस वाट सोडून दोन पावले आत गेला, तर आणखीनच. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आणि कमी माहीत असलेली. पावलांनी होणारी हानी माणसांच्या संख्येबरोबर सरळ वाढत जात नाही. कोऱ्या जमिनीवरून गेलेली पहिली काही शे पावले झुडपे, गवत आणि वरची माती सर्वांत जास्त बिघडवतात. वाट एकदा मळली की पुढच्या हजारांनी त्यात फारशी भर पडत नाही. याचा सरळ अर्थ असा की, गर्दी ‘विभागण्यासाठी’ दहा ठिकाणी दहा वाटा काढणे ही सर्वांत वाईट युक्ती. मुळातच मळलेल्या दोन-तीन वाटा घ्याव्यात, त्या नीट राखाव्यात आणि बाकीचे रान सोडून द्यावे. बफरमध्ये गुराख्यांच्या, मोहफुले वेचणाऱ्यांच्या, जुन्या बैलगाड्यांच्या वाटा भरपूर आहेत. नवी वाट पाडण्याची गरज मला तरी दिसत नाही.

आता वर्ष महिन्यामहिन्याने पाहा. १ जुलै ते ३० सप्टेंबर गाभा बंदच असतो. बफरमधल्या वाटांनाही तोच नियम हवा, कारण चिखलातली वाट पावसाळाभर तुडवली की ती ओहोळ होते. ऑक्टोबरात गवत कमरेएवढे असते. गाडीतल्या माणसाला ते शोभिवंत वाटेल. पायी चालणाऱ्याला पुढच्या दहा पावलांवर बसलेले अस्वल दिसत नाही. १५ फेब्रुवारीपासून १५ जूनपर्यंत वनखात्याच्या लेखी वणव्याचा हंगाम, म्हणजे एका विडीच्या थोटकाची भीती. त्यातच मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले पडतात. त्या झाडाखाली भल्या पहाटे टोपली घेऊन गावची बाई येते आणि अस्वलही येते. दोघांची गाठ कशी पडते हे या जिल्ह्यात कोणाला सांगायला नको. मेमध्ये तेंदूपत्त्याची तोडणी, आणि पाणवठे आटत गेल्याने उरलेल्या चार डबक्यांवर सगळ्या रानाची धाव. अशा वेळी पाणवठ्याकडे जाणारी वाट उघडी ठेवणे म्हणजे तहानलेल्या जनावराला तिथून हुसकणे. (बुद्धपौर्णिमेला मचाणावर बसून होणाऱ्या ‘निसर्गानुभवा’ला माझा आक्षेप नाही, तिथे माणूस निदान हलत नाही.) एवढी वजाबाकी केल्यावर डोंगरउतारावरच्या रानवाटेसाठी उरतात ते मध्य नोव्हेंबर ते मध्य फेब्रुवारी, जेमतेम तीन महिने.

नवेगावबांधच्या तळ्याचा हिशेब मात्र नेमका उलटा. कोहळी समाजाने बांधलेल्या या जुन्या तलावावर स्थलांतरित पाणपक्षी उतरतात ते याच थंडीच्या महिन्यांत. डोंगरवाटेला सोयीचा हंगाम काठच्या वाटेला सर्वांत गैरसोयीचा. तेव्हा तिथे माणसांचा आधीच वावर असलेल्या बांधापुरतीच वाट ठेवावी, आडोसे उभारावेत आणि पलीकडच्या काठाला हिवाळाभर कोणी फिरकू नये. एकाच प्रकल्पातल्या दोन वाटांना दोन वेगळी कॅलेंडरे लागतात, आणि ‘पर्यटन हंगाम ऑक्टोबर ते जून’ असा एकच सरसकट शिक्का दोन्हींचे नुकसान करतो.

यावर पहिला आक्षेप रोजगाराचा येईल, आणि तो टाळण्यासारखा नाही. तीन महिन्यांच्या धंद्यावर गाइडचे घर कसे चालायचे? पण पायी फिरण्याचे अर्थकारण गाडीपेक्षा निराळे असते. जिप्सीसाठी भांडवल लागते, ते ज्याच्यापाशी असते त्याच्याकडे पैसा जातो. पायवाटेला चार-सहा जणांमागे वाट जाणणारा एक माणूस लागतो, आणि तो गावातलाच असावा लागतो. केरळातल्या पेरियारमध्ये १९९०च्या दशकाअखेर इको-डेव्हलपमेंट प्रकल्पातून पूर्वी चोरटी शिकार आणि सालींची चोरी करणाऱ्यांनाच पायी सहलींचे वाटाडे केले गेले. त्यांची पर्यटकांसोबतची फेरी हीच गस्तही ठरली. मध्य प्रदेशातल्या सातपुडा प्रकल्पातही पायी सफारी चालते. आपल्या जिल्ह्यात दरेकसाजवळचा हाजरा फॉल स्थानिक वन व्यवस्थापन समितीच्या तरुणांनी सांभाळून दाखवला आहे. उरलेल्या महिन्यांत याच माणसांना वणवा-पहारा, वाटेची दुरुस्ती, पाणवठ्यांची देखरेख ही कामे द्यावीत आणि त्याचा पैसा प्रवेशशुल्कातून काढावा. बंद महिन्यांची मजुरी उघड्या महिन्यांच्या तिकिटात धरली नाही, तर बंदी पहिल्याच वर्षी मोडेल, हे मी लिहून देतो.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. कालिमाती, कवलेवाडा, झंकारगोंदी ही गावे वाघासाठी रानातून उठली आणि श्रीरामपूरला जाऊन वसली. त्यांना रान सोडायला लावायचे आणि नागपूर-पुण्याच्या माणसाला तिथे तिकीट घेऊन चालू द्यायचे, हा कुठला न्याय? याला माझ्याकडे गुळमुळीत उत्तर नाही. उठलेल्या गावांच्या जागांवरून आणि त्यांच्या जुन्या वाटांवरून पर्यटकांची वाट नेऊच नये. बफरमध्ये जिथे ग्रामसभेला वनहक्क कायदा, २००६ नुसार सामूहिक वनहक्क मिळाला आहे, तिथे वाट उघडण्याचा ठराव ग्रामसभेचा असावा आणि बंद करण्याचाही. मोहफुलांच्या दिवसांत गावकरी जिवावर उदार होऊन रानात जातो ते पोटासाठी. त्याच वेळी त्याच झाडाखाली छायाचित्र काढणारा घोळका नको.

तिसरे म्हणणे असे की, कचारगडला माघ पौर्णिमेच्या यात्रेत लाखोंनी आदिवासी भाविक रानातून चालत गुहेपर्यंत जातात, ते चालते, मग मूठभर निसर्गप्रेमींचेच वावडे का? कचारगड व्याघ्र प्रकल्पात नाही, हे एक. आणि यात्रा ठरल्या तिथीला भरते, ठरल्या दिवशी उठते. नंतर रान वर्षभर आपले आपण असते. पर्यटनवाटेला असा उठण्याचा दिवस नसतो, म्हणून तर तो आपल्याला घालून द्यायचा आहे. राहिला महामार्गाचा मुद्दा. ऑगस्ट २०२३ मध्ये मुरदोलीजवळ गोंदिया-कोहमारा रस्त्यावर मोटारीच्या धडकेने वाघ मेला. रस्ते वाघ मारत असताना तुम्ही पायवाटेचे काय घेऊन बसलात, असे विचारणारे भेटतील. पण याच कारणाने वाटेची जागा जपून निवडायची. नागझिरा आणि नवेगाव यांना जोडणारा पट्टा मुंबई-कोलकाता महामार्गाने आधीच कापला आहे. इथे जन्मलेला ‘जय’ वाघ उमरेड-कऱ्हांडल्यापर्यंत गेला तो अशाच जोडरानांतून. मे २०२३ मध्ये ब्रह्मपुरीकडून दोन वाघिणी आणि एप्रिल २०२४ मध्ये तिसरी आणून नागझिऱ्यात सोडल्या, त्या कुंपणात राहण्यासाठी नव्हे. त्या चिंचोळ्या पट्ट्यात पर्यटकांची एकही वाट नको, वर्षातला एक दिवसही नको.

अंमलबजावणी होणार नाही, असे म्हणणाऱ्यांनी साताऱ्याकडे पाहावे. कोयना अभयारण्यातल्या वासोट्याला बामणोलीहून होडीने जाणाऱ्यांच्या प्लास्टिकच्या वस्तू वनरक्षक मोजतात, अनामत घेतात आणि परतताना पुन्हा मोजतात. पावसाळ्यात तो किल्ला बंद असतो. त्यामुळे वासोट्याला जाणाऱ्यांची हौस कमी झालेली नाही.

तेव्हा प्रकल्पाच्या स्थानिक सल्लागार समितीपुढे माझी मागणी थोडकी आहे. बफरमधल्या कोणत्याही वाटेला मान्यता देण्याआधी तिथे वर्षभर कॅमेरा ट्रॅप लावावेत आणि वाट उघडल्यावरच्या वर्षाशी ती नोंद जाहीरपणे ताडून पाहावी. वाट तातडीने बंद करण्याचा अधिकार नागपूरला पत्र न पाठवता जागेवरच्या वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याला आणि ग्रामसभेला असावा. आणि प्रत्येक वाटेचे बंद महिने कारणासकट, मराठीत आणि गोंडीत, गेटवर लावावेत. तो फलक तयार नसेल तर वाट उघडू नका.